उशा मोजणाऱ्या बाईंचा टेलिफोन

मी टेलिफोन बोलतोय. यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. टेलिफोनचं कामच बोलणं. पण खरं सांगू? उभ्या आयुष्यात मी स्वतःचा असा एक शब्दही बोललेलो नाही. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवलं, एवढंच. आज खोलीत कुणी नाही, दाराला बाहेरून कुलूप आहे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच साठलंय. तेव्हा थोडा वेळ काढा आणि ऐकून घ्या.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी अगदी पांढराशुभ्र होतो. आता लोक मला पिवळट म्हणतात. मी त्याला सायीचा रंग म्हणतो. वेटोळ्यांची वायर, बारा बटणं आणि वजनदार रिसीव्हर, असं माझं रूप. खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि परक्या देशातल्या आपल्या दूतावासात येऊन पोचलो. आपल्या देशाची जी माणसं तिकडे नोकरीला, शिकायला, संसाराला गेलेली असतात, त्यांचं हे हक्काचं ऑफिस.

सुरुवातीला माझा थाट होता. वरच्या मजल्यावर, मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीच्या टेबलावर. या सेक्रेटरीबाईंचा आवाज मधासारखा आणि चेहरा मात्र कडू. 'जरूर, जरूर, लगेच कळवते' असं म्हणताना त्या डोळे फिरवत असत. माणसं फोनवर बोलताना चेहऱ्याचं काय काय करतात, हे फक्त आम्हालाच ठाऊक. पुढे पातळ, चकचकीत, पडदेवाले फोन आले आणि माझी रवानगी तळमजल्यावर झाली. आधी स्वागतकक्ष, मग पहारेकऱ्याची केबिन, आणि शेवटी जिन्याखालची एक अरुंद खोली. तिथे पूर्वी झाडू आणि तुटक्या खुर्च्या ठेवायचे. दारावर पाटी लावली होती, 'नागरिक मदत कक्ष'. पाटी खोलीपेक्षा मोठी होती.

त्या खोलीत मला बाई भेटल्या.

बाईंचं काम नोंदणीचं. देशातून इथे आलेल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर वहीत लिहायचा. फॉर्म भरून घेतला, शिक्का मारला, झालं. त्यांच्या आधीच्या गृहस्थांनी नऊ वर्षं तेवढंच केलं आणि सुखात निवृत्त झाले. बाईंना मात्र स्वस्थ बसवेना. माणसं घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, लग्नं करतात. वही मात्र तशीच राहते, हे त्यांना खुपायला लागलं. मग त्यांनी एक रिवाज पाडला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी चहाचा कप माझ्या डावीकडे ठेवायचा, चष्मा पुसायचा, आणि वहीतल्या पहिल्या घरापासून फोन लावत सुटायचं. दोनशे तीस घरं. तीन-चार दिवस पुरायचं काम ते.

त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. 'घरात कोण कोण असतं?' असं त्या विचारत नसत. त्यांचं म्हणणं, हे विचारलं की माणूस फक्त स्वतःचं कुटुंब सांगतो. आलेली आत्या, नोकरी शोधायला आलेला मेहुणा, दोन महिन्यांसाठी ठेवून घेतलेला मित्र, हे सगळे त्याच्या हिशेबी पाहुणे. ते आज ना उद्या जाणार, मग त्यांना कशाला मोजायचं? म्हणून बाई विचारायच्या, "आज तुमच्या घरात उशा किती लागणार?"

लोक हसायचे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून तर एकदा उत्तर आलं होतं की, उशा चार आहेत पण माणसं नऊ. बाईंनी शांतपणे नऊ लिहिलं. दूतावासातही त्यांना 'उशीवाल्या बाई' असं नाव पडलं होतं. वरचे साहेब, म्हणजे त्या विभागाचे अधिकारी, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण जिन्यातून जाताना डोकावून विचारायचे, "काय बाई, आज किती उशा?" बाई वहीवरून मान न उचलता आकडा सांगायच्या. साहेब हसत वर जायचे.

बाईंची आणखी एक खोड होती. मोबाइल नंबर लिहून झाला की त्या विचारायच्या, "घरापासून चालत जाता येईल असा कुठे वायरचा फोन आहे का?" असला प्रश्न ऐकून तरुण मंडळी चक्रावून जायची. पण बाई पिच्छा सोडत नसत. मग कुणी खालच्या लाँड्रीचा नंबर द्यायचं, कुणी शेजारच्या शाळेचा, कुणी औषधाच्या दुकानाचा. बाई तो नंबर लावून खात्री करून घ्यायच्या. त्या देशाच्या भाषेत त्या जे काही बोलायच्या, त्यात व्याकरण बेताचंच असायचं. पण समोरचा माणूस हटकून मऊ व्हायचा.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय, त्या घराकडे येतो.

एक इंजिनिअर होता, नदीवर पूल बांधणाऱ्या कंपनीत. त्याच्याकडे आधी उशा दोन होत्या, तो आणि त्याची बायको. पुढे बाळ झालं. तेव्हा त्याने थट्टेनं विचारलं होतं की, एवढ्याशा जिवाला उशी कशाला? बाई म्हणाल्या, बाळाला उशी नको, पण मला आकडा हवा. झाले तीन.

पुढच्या महिन्याच्या सोमवारी बाईंनी फोन लावला तर बायकोने घेतला. "तीनच," ती म्हणाली. मागून नवऱ्याचा दबका आवाज आला, तीनच सांग, तीनच सांग. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आणि मग कुणीतरी हळू आवाजात अंगाई गुणगुणू लागलं. मी कान टवकारले. तारेपलीकडे आमच्या जातीला फक्त कानच असतात. बायको बोलतेय, नवरा मागून पढवतोय, मग बाळाला थोपटतंय कोण? आवाज वयस्कर बाईचा होता, सवयीचा, घाई नसलेला. बाळ दोन मिनिटांत शांत झालं.

बाईंच्याही लक्षात आलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "बाळ लवकर निजलं हो." पलीकडे बायकोने घाईने फोन ठेवला. बाईंनी वहीत पेनाने तीन लिहिलं आणि शेजारी पेन्सिलने बारीकसा एक. घाबरलेत, त्या स्वतःशीच पुटपुटल्या, सांगतील कधीतरी आपणहून. मला तेव्हा वाटलं, बाई, विचारून टाका की आत्ताच. पण आमचं कोण ऐकतंय?

त्यानंतर चार महिन्यांतच त्या देशाचं बिनसलं. निवडणुकीचा निकाल एका बाजूला मान्य होईना. आधी मोर्चे निघाले, मग दगड पडले, मग दुकानं जळाली. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने भर दुपारी शटर खाली ओढलं, ते पुन्हा उघडलं नाही. दिवसाचे चार तास सोडले तर संचारबंदी. आणि एका मंगळवारी सकाळी त्या सरकारने मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही बंद केलं. वरच्या मजल्यावरचे ते पातळ, चकचकीत, इंटरनेटवर चालणारे फोन एका क्षणात मुके झाले. माझ्या वायरीत मात्र जीव होता. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी थोडा गर्व झाला.

साहेब धावतच खाली आले. हातात छापलेली सूचना होती. 'नागरिकांनी परिस्थितीचे गांभीर्य ओळखून आवश्यक ती सर्व खबरदारी घ्यावी.' बाईंनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय? बादली भरून ठेवायची की नाही?" मग बाईंनी एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या शब्दांत लिहून काढलं आणि एकेका लाँड्रीत, शाळेत, दुकानात फोन लावून आपल्या माणसांना बोलावून घेतलं. मला ते अजून पाठ आहे. खिडकीपासून लांब झोपा. मोर्चा बघायला गच्चीवर जाऊ नका, आणि मोबाइलवर त्याचं चित्रण तर मुळीच नको. कुठल्याही पक्षाच्या रंगाचे कपडे घालू नका. रस्त्यात कुणी तुमचं मत विचारलं तर तुम्हाला मत नाही. बादल्या, पातेली, सगळं पाण्याने भरून ठेवा. पासपोर्ट, औषधं, चष्मा, बाळाचं सामान एका पिशवीत, आणि ती पिशवी दाराशी. आम्ही सांगेपर्यंत घर सोडायचं नाही. सांगितलं की मात्र कपाट आवरत बसायचं नाही.

तीन दिवस बाई ह्या खोलीतून हलल्या नाहीत. आवाज बसला, तर गरम पाण्याचे घोट घेत बोलल्या. साहेबांनी दुसरी खुर्ची आणली आणि नंबर लावायला बसले. माझं सातचं बटण जरा अडकतं. साहेबांना ते जमेना, तेव्हा बाईंनी त्यांना अंगठ्याने दाबायला शिकवलं. त्या तीन दिवसांत साहेबांनी उशांची थट्टा एकदाही केली नाही.

गुरुवारी निरोप आला की, शुक्रवारी सकाळी अकराला शाळेच्या मैदानातून तेरा बस बंदराकडे निघतील आणि तिथून जहाज. ह्या बस शेवटच्या. बाईंनी पुन्हा एकेका घराला कळवायला सुरुवात केली. पूलवाल्या इंजिनिअरचा वायरचा फोन म्हणजे त्याच्या इमारतीतल्या दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर त्याच देशाचे, भले गृहस्थ. ते स्वतः वर जाऊन त्याला घेऊन आले.

"बायको आणि बाळ येतील," तो म्हणाला. "मी थांबतो. कामाचं थोडं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुलाचं काम बंद पडून आठवडा झालाय, हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "घरी कोण आहे ते सांगा आता."

मग सगळं बाहेर पडलं. सासूबाई. बाळंतपणासाठी आल्या होत्या. बाळ लवकर झालं, अशक्त निघालं, मुक्काम लांबला आणि राहण्याची मुदत संपून गेली. उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता पाच महिने गेले. वहीत नाव लागलं तर त्यांना पकडून नेतील, या धास्तीने तो दर महिन्याला तीन उशा सांगत राहिला. माणसाला वाचवायचं म्हणून त्याने तिला लपवलं, आणि आता तिला वाचवायला निघालेल्यांनाही ती दिसत नव्हती. सासूबाई म्हणतात, तुम्ही तिघं जा, माझं काय, बघू नंतर. लेक म्हणते, आईशिवाय पाऊल उचलणार नाही. म्हणजे चौघंही मागे राहणार होते, आणि त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडे घरं जळत होती.

"बसमध्ये तुमच्या चार जागा धरल्यात मी," बाई म्हणाल्या. "आज नाही, यादी केली तेव्हाच."

तो दवाखान्यात उभ्या उभ्या रडला. मी पुष्कळ रडणी ऐकलीत, पण पुरुषमाणसाचं असं तोंडावर हात दाबून केलेलं रडणं वेगळंच असतं.

पण नुसत्या जागेनं भागणार नव्हतं. साहेबांचं म्हणणंही चूक नव्हतं. वाटेत सैनिकांचा नाका होता. मुदत संपलेलं एक माणूस जरी बसमध्ये सापडलं, तर अख्खी बस अडवली जाईल आणि आतले पन्नास जण अडकतील. त्या देशाच्या परदेशी नागरिक खात्याचा बाहेर पडण्याचा परवाना हवा. एरवी त्याला तीन आठवडे लागतात, हातात होते बावीस तास, आणि खातं बंद होतं. बाई डोकं धरून बसल्या. "त्या अंगाईच्या दिवशीच मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांत परवाना झाला असता. मला वाटलं, त्यांचा मान ठेवावा." साहेबांनी त्यांच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला.

त्या खात्यात एक कारकून होता. बाई अकरा वर्षं त्याच्याशी बोलत होत्या, कधी ह्याच्या मुदतीसाठी, कधी त्याच्या कागदासाठी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्या गुडघेदुखीपासून मुलीच्या परीक्षेपर्यंत सगळं बाईंना ठाऊक होतं, कारण ते माझ्यातूनच यायचं. बंद खात्यात कोण असणार? तरी बाईंनी नंबर लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. साहेब म्हणाले, कशाला जीव काढताय. तिसऱ्या खेपेला कुणीतरी उचलला. तोच होता. घर लांब, संचारबंदीच्या आत पोचता येईना म्हणून तीन दिवस ऑफिसातल्या बाकावर मुक्काम ठोकून होता.

बाईंनी काम सांगण्याआधी विचारलं, तुमच्याकडे उशी तरी आहे का? पलीकडे तो माणूस हसला. फायलींचा गठ्ठा आहे, म्हणाला.

मग बाईंनी सगळं सांगितलं, अगदी त्या अंगाईसकट. काही लपवलं नाही, आजारपण जोडलं नाही, वय वाढवलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की, सही करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वरिष्ठ घरी आहेत, आणि त्यांच्या घरीही जुना फोन आहे. विचारून बघतो. एवढं बोलून त्याने ठेवून दिला.

दोन तास मी वाजलो नाही. माझ्यासारख्या यंत्राला जड जावेत असे ते दोन तास होते. बाई बाकीच्या घरांना कळवू शकत होत्या, पण लाइन अडकेल म्हणून त्यांनी मला हात लावला नाही. साहेब दाराशी उभे राहून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होते.

चारच्या सुमाराला मी वाजलो. वरिष्ठांनी आधी नकार दिला होता. कारकुनाने त्यांना पुन्हा फोन केला, मग आणखी एकदा. चौथ्या वेळी ते वैतागून हो म्हणाले. परवान्याचा नंबर चौदा आकडी होता. नाक्यावर तोच त्यांच्या यादीत ताडून बघणार होते. एकही आकडा चुकला तर सगळं मुसळ केरात. कारकुनाने तो सावकाश सांगितला, बाईंनी लिहिला, परत वाचून दाखवला. मग दवाखान्यात फोन. जावयाने लिहिला, त्यानेही वाचून दाखवला. माझ्यातून त्या दिवशी ते चौदा आकडे चार वेळा गेले आणि एकाही आकड्याला मी धक्का लागू दिला नाही. तुम्ही म्हणाल, यात तुझं काय? नसेल. पण मला अभिमान आहे.

नंबर सांगून झाल्यावर, फोन ठेवण्यापूर्वी त्या कारकुनाने एवढंच विचारलं होतं की, त्या म्हाताऱ्या बाईंना अंगाया किती येतात? बाईंना उत्तर माहीत नव्हतं.

शुक्रवारी अकराला बस निघाल्या. तिथून बंदर चार तास. मोबाइल बंदच होते, त्यामुळे मधलं काही कळायला मार्ग नव्हता. साहेब मैदानावरून परतले आणि म्हणाले, चौघं चढले, मी स्वतः मोजले. बाईंनी मान हलवली. तीन वाजले, साडेतीन झाले. चारला दहा कमी असताना मी वाजलो आणि बाईंनी पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचललं.

आवाज मी ओळखला. तोच, सवयीचा, घाई नसलेला.

"मी इंजिनिअरची सासू बोलतेय. बंदरावरच्या ऑफिसातून. पोचलो हो आम्ही सगळे." नाक्यावर एका सैनिकाने नंबर पाहिला, यादी उलगडली, बोट फिरवत फिरवत शेवटच्या ओळीवर आणलं आणि 'जा' म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. बाळ झोपलं होतं, त्याला काही पत्ताच नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"आणि बाई, तुम्ही कुठल्या बसने येताय?" आजींनी विचारलं.

अकरा वर्षांत बाईंनी हजारो माणसांची विचारपूस केली होती; उलटून त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. वहीत सहाशे बारा नावं होती, त्यात त्यांचं नव्हतं. दूतावासाची शेवटची गाडी रविवारी निघणार होती आणि तिच्या यादीसाठी साहेब दोन दिवस त्यांच्यामागे लागले होते.

"माझं काय," बाई म्हणाल्या, "बघू नंतर."

"मीही लेकीला हेच सांगत होते," आजी म्हणाल्या. "लिहा आधी नाव. मी थांबते फोनवर."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खिशातून गाडीची यादी काढून टेबलावर ठेवली. कागदावर पेन फिरल्याचा आवाज मी पलीकडे पोचवला. "लिहिलं का?" आजींनी विचारलं. बाईंनी हो म्हणून सांगितलं. मग आजींनी फोन ठेवला.

रविवारी बाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, सातच्या बटणात अडकलेला कचरा टाचणीने काढला आणि वायरीची वेटोळी सरळ केली. आता इथे मी एकटाच. इमारतीचा पहारेकरी, त्याच देशाचा माणूस, रोज सकाळी कुलूप काढून येतो, माझा रिसीव्हर कानाला लावून लाइन चालू आहे का बघतो आणि जातो. लाइन चालू आहे. दंगे कमी झालेत, असं तो स्वतःशी बोलताना ऐकलंय मी. कधीतरी पाटी पुन्हा पुसली जाईल, कुणीतरी खुर्चीवर बसेल. त्यांना बाईंची सर येईल की नाही, ते मला ठाऊक नाही.

तुमच्यापैकी कुणी परदेशी निघणार असेल, तर या म्हाताऱ्या टेलिफोनचं एक ऐका. पोचल्या पोचल्या दूतावासात नाव नोंदवा, आणि घरातल्या सगळ्यांचं नोंदवा. कागदात काही खोट असली तर तीही सांगून टाका. लपवलेल्या माणसासाठी बस थांबत नाही. आणि कधी वेळ आलीच, आणि माझ्यासारख्या एखाद्या फोनवरून कुणी तुम्हाला सुखरूप बाहेर काढलं, तर आभार मानून लगेच ठेवून देऊ नका. समोरचं माणूस कधी निघणार आहे, ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.